भारी बिजागऱ्या

"मग काय ठरलं? साध्या का सॉफ्ट?" सुतारमिस्त्रींनी पेन्सिल कानामागे खोचत विचारलं.

प्रश्न बिजागऱ्यांचा होता. नव्या स्वयंपाकघरात ओट्याखाली नऊ दारं बसायची होती. सांगाडे उभे राहिले होते, वरच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या, नऊच्या नऊ दारं भिंतीला टेकवून ठेवली होती आणि आता एवढंच ठरायचं होतं, की ती बंद होताना आवाज करणार की नाही. साध्या बिजागरीचं दार ढकललं की खाडकन लागतं. सॉफ्ट क्लोजचं दार कितीही जोरात ढकला, शेवटच्या चार बोटांवर ते थबकतं, क्षणभर विचार केल्यासारखं करतं आणि अलगद मिटतं. ह्या विचार करण्याची किंमत दुप्पट होती.

दादांनी वहिनींकडे बघितलं. मिस्त्रींचे हे दादा म्हणजे पेठेच्या तोंडाशी बसणारे घड्याळजी, आणि वहिनी म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. सगळी वस्ती त्यांना ह्याच नावांनी ओळखायची, तेव्हा आपणही तेच म्हणू.

"तुम्हीच ठरवा," बाई म्हणाल्या.

हे दोन शब्द ऐकून जो निश्चिंत होतो, त्याचं लग्न अजून व्हायचंय असं खुशाल समजावं.

"तसं नव्हे, पण तुला काय वाटतं?" घड्याळजींनी सावधपणे विचारलं.

"मला काय वाटायचंय? दार उघडलं पाहिजे आणि लागलं पाहिजे."

"ते दोन्हींत होतं वहिनी," मिस्त्री म्हणाले.

"मग झालं तर."

"पण कुठलं तरी एक सांगा की! मला माल आणायचाय."

घड्याळजींनी पुन्हा बाईंकडे बघितलं, बाईंनी खिडकीकडे बघितलं, आणि मिस्त्रींनी हातातलं काम टाकून दोघांकडे आळीपाळीने बघितलं. अशी घरं त्यांना नवीन नव्हती. एका घरात नुसत्या मुठींवरून तीन महिने काम बंद पडलेलं त्यांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, "असं करू. माझ्याकडे दोन्हींचे नमुने पडलेत. डाव्या हाताच्या चार दारांना सॉफ्ट लावतो, उजव्या हाताच्या पाचांना साध्या. आठवडाभर वापरून बघा. पुढच्या रविवारी येतो, तेव्हा जे म्हणाल ते नऊही दारांना एकसारखं करून देतो."

ही तोड दोघांनाही पटली. ज्या दोघांना ठरवायचं नसतं, त्यांना ठरवणं पुढे ढकलण्यासारखी दुसरी सोय नाही. मिस्त्रींनी संध्याकाळपर्यंत दारं लावली आणि ते गेले.

आता घड्याळजी एवढे का अडले होते, ते सांगायला हवं. बिघडलेलं घड्याळ दुकानात आलं की ते उघडायच्या आधी घड्याळजी त्याला कानाशी धरत. डोळे मिटून दहा ठोके ऐकत आणि सांगत, "आत केस अडकलाय," नाहीतर "हे पाण्यात पडलेलं आहे, खरं सांगा." गिऱ्हाईक ओशाळून कबूल करी. लांबून लांबून लोक त्यांच्या कानासाठी यायचे.

हाच कान घेऊन ते संध्याकाळी घरी यायचे. बाई दिवसभर सहा वर्गांना अपूर्णांक समजावून यायच्या आणि घरी आल्यावर तासभर त्यांना तोंड उघडायचं जिवावर यायचं. मुकाट्याने स्वयंपाकाला लागायच्या. त्या तासात जे काही बोलायचं ते कपाटांची दारं बोलतात, असा घड्याळजींचा शोध होता. भाड्याच्या घरात बारा वर्षं बाहेरच्या खुर्चीत बसून, ऐकून ऐकून त्यांनी ह्या दारांचं एक शास्त्रच बसवलं होतं. एक आवाज म्हणजे साधा दिवस. लागोपाठ दोन म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय. तीन म्हणजे चूक जुनी आहे, पण आज आठवली आहे. आणि तिनाच्या मागोमाग चमच्यांचा ड्रॉवर खळखळला, तर वर्तमानपत्र खाली ठेवा, आत जा आणि कोणी विचारायच्या आत भाजी चिरायला घ्या.

हे शास्त्र एकदाही चुकलं नव्हतं. दोन आवाज झाले की घड्याळजी आत जायचे, "काही चुकलं का माझं?" म्हणायचे, ओटा पुसायला घ्यायचे, आणि पाच मिनिटांत बाईंचा चेहरा खुलायचा. रोग बरोबर आणि औषधही बरोबर. दोघांचं भांडण म्हणून कोणी ऐकलं नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी ती दोघं नव्या, स्वतःच्या घरात राहायला आली. कपाटांना दारंच नव्हती. ते पंधरा दिवस घड्याळजींनी अंदाजपंचे काढले. आणि नेमका त्याच काळात त्यांनी एक पराक्रम करून ठेवला होता. त्यांच्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या घरी फरशी उखडून नवी बसवायची होती. ताईंनी दुकानात फोन करून विचारलं होतं, "महिनाभर येऊ का रे तुझ्याकडे?" घड्याळजी म्हणाले होते, "हे काय विचारणं झालं? घर तुझंच आहे!" फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की घर ताईंचं नाही. त्यातलं स्वयंपाकघर तर मुळीच नाही. बारा वर्षं परक्याच्या ओट्यावर स्वयंपाक करून बाईंना पहिल्यांदा स्वतःचा ओटा मिळाला होता, आणि ताई ज्या घरी जातील तिथले डबे दुसऱ्या दिवशी जागा बदलतात अशी त्यांची ख्याती होती.

ताई रविवारी येणार होत्या. त्याआधी हे बाईंच्या कानावर घालायचं होतं. वेळ बघून, एका आवाजाचा साधासुधा दिवस बघून घालायचं होतं. आता सांगा, अर्धी दारं मुकी झाल्यावर वेळ बघायची कशी?

सोमवारी संध्याकाळी घड्याळजी कान टवकारून खुर्चीत बसले. आत बाई वावरत होत्या. कपाट उघडल्याचं कळत होतं, भांडं काढल्याचं कळत होतं, पण बंद झाल्याचा पत्ता नाही. एकदा, दोनदा, चारदा. नुसती शांतता. घड्याळजींना भरून आलं. एक आवाजसुद्धा नाही म्हणजे आज बाई साध्याहूनही साध्या! ते उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, घसा खाकरला आणि म्हणाले, "अगं, ऐकलंस का, ते ताई..."

धाड!

उजव्या हाताचं साखरेचं कपाट बंद झालं होतं. घड्याळजी जागीच थिजले.

"काय म्हणत होतात?" बाईंनी न वळताच विचारलं.

"काही नाही. म्हटलं, चहा छान झालाय."

"अजून केलाच नाहीये."

"म्हणजे होईल. वास छान येतोय."

बाईंनी वळून त्यांच्याकडे नीट बघितलं. गणिताच्या बाई अशा बघायला लागल्या की उत्तरपत्रिका कोरी असली तरी मुलं काहीतरी लिहून देतात. घड्याळजींचंही तसंच झालं. एवढा मोठा आवाज झालाय, म्हणजे काहीतरी चुकलंयच. ताईंचं तर हिला माहीत नाही. मग बरणीचं कळलं असणार!

"तुझी ती निळ्या झाकणाची बरणी," ते म्हणाले. "खोक्यात नाहीये ती. सामान भरताना फुटली. माझ्याच हातून."

"फुटली?" बाई म्हणाल्या. "मी तर उद्या ते खोकं उघडणार होते!"

म्हणजे हिला माहीत नव्हतं. घड्याळजी खुर्चीत येऊन बसले आणि चहा आला तो बिनसाखरेचा प्यायले. साखर विसरली होती की घातली नव्हती, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

मंगळवारी त्यांचं गणित सरळ होतं. बरणीचं कळलंय, म्हणजे राग असणार. राग असणार म्हणजे आवाज होणार. आवाज झाला की आत जायचं, ओटा पुसायचा, की मिटलं. पण मंगळवारी आवाजच होईना. बाई नुसत्या डाव्या बाजूला काम करत होत्या. दार उघडत होतं आणि मिटत होतं, उघडत होतं आणि मिटत होतं. राग आहे आणि आवाज नाही, हा प्रकार घड्याळजींच्या शास्त्रात कुठेच बसत नव्हता. आवाजाच्याही पलीकडे गेलेला राग असतो की काय, ह्या विचाराने त्यांना घाम फुटला. ते न बोलावता आत गेले आणि सुरी उचलली.

"आज काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"कुठे काय?"

"मग भाजी का चिरताय?"

"सहज."

"आल्या आल्या? मी पिशवीसुद्धा सोडलेली नाही अजून."

घड्याळजींनी पिशवीची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. शेवटी गाठीऐवजी घड्याळजीच सुटले. "ती वरची फळी," ते म्हणाले. "तुझा हात पोचत नाही ना? मिस्त्रींनी विचारलं होतं किती उंच ठेवू. तू शाळेत होतीस. मी माझा हात वर करून दाखवला."

बाईंच्या हातातला डबा ओट्यावर टेकला. "तुम्ही दाखवला? अहो, मी आज सकाळी त्या मिस्त्रींना फोनवर इतकं बोलले! म्हटलं, स्वयंपाकघर माणसासाठी करताय का जिराफासाठी?"

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. 'चुकलं वहिनी' म्हणाले बिचारे."

एवढं बोलून बाई वळल्या आणि त्यांनी डाव्या हाताचं दार सगळा जोर लावून ढकललं. दार चार बोटांवर थबकलं, विचार केला आणि अलगद मिटलं. घड्याळजींनी सुटकेचा श्वास टाकला. फार काही मनाला लावून घेतलं नाही हिने, असं त्यांना वाटलं.

बुधवारी सकाळी मिस्त्री दुकानात हजर. "दादा, हात तुमचा, माप तुमचं आणि बोलणी मला?"

"तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"लाकूड ठोकतो मी, नवरा-बायकोत पाचर मारत नाही," मिस्त्री बाणेदारपणे म्हणाले. मग जरा नरमून म्हणाले, "फळी खाली घेऊन देतो. पण बिजागऱ्यांचं मनावर घ्या. माझं ऐका, सॉफ्टच घ्या. घरात शांतता राहते."

"शांततेचाच तर त्रास होतोय," घड्याळजी म्हणाले. मिस्त्रींना हे काही झेपलं नाही, आणि चहा पिऊन ते गेले.

शेजारच्या दुकानातला चष्मेवाला हे सगळं ऐकत होता. तो घड्याळजींचा शाळेपासूनचा मित्र. घड्याळजींनी त्याला आपली अडचण सांगितली. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे वहिनी रागावल्यात की नाही, हे तुला कळत नाहीये."

"हो."

"मग विचार ना त्यांना."

"कोणाला?"

"वहिनींना!"

घड्याळजी त्याच्याकडे बघतच राहिले. घड्याळालाच विचारा तुझं काय बिघडलंय, असं कोणी सांगितल्यावर त्यांचा चेहरा झाला असता तसाच झाला होता. असल्या माणसाचा सल्ला घेण्यात अर्थ नव्हता. त्यांना स्वतःलाच एक गोष्ट सुचली होती. सॉफ्ट क्लोजच्या बिजागरीत असं असतं तरी काय? एखादा दट्ट्या, थोडं तेल, एखादी स्प्रिंग. दार मिटताना पूर्ण मुकं राहण्याऐवजी त्याने नुसतं 'टक' म्हटलं तरी पुरे होतं. बाकीचं त्यांना ऐकता आलं असतं.

गुरुवारी दुपारी बाई शाळेत असताना घड्याळजी दुकान बंद करून घरी आले. डोळ्याला भिंग लावलं, बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच उघडला आणि ओट्याखाली मांडी घालून बसले. आत खरोखरच एक इवलासा दट्ट्या होता. कोणीतरी फार मन लावून केलेली वस्तू होती ती. बघून घड्याळजींचा ऊर भरून आला आणि त्यांनी ती खोलली. चारही दारांच्या आठ बिजागऱ्यांतलं तेल त्यांनी कणाकणाने कमी केलं. प्रत्येकीत किती ठेवायचं ह्याचा अंदाज त्यांनी घड्याळाच्या हिशेबाने केला, आणि घड्याळाला दिवसातून हजार वेळा कोणी ढकलत नाही, एवढी एक गोष्ट विसरले. चारला सगळं जागच्या जागी बसवून, हात धुऊन ते दुकानात परतले. करंगळीला तेलाचा डाग तेवढा राहिला.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी भात लावला, दूध तापवलं आणि दोन-चार कपाटं उघडून बंद केली. डाव्या हाताची दारं नेहमीसारखी चार बोटांवर येऊन थांबली. मिटली मात्र नाहीत. बाईंचं लक्ष नव्हतं, कारण त्यांना चाचणीच्या वह्या तपासायच्या होत्या. त्या वह्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आल्या आणि घड्याळजींच्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

घड्याळजी वर्तमानपत्र धरून कान देऊन बसले होते. घरात वहीचं पान उलटल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

धाड!

घड्याळजी दचकले. एक. म्हणजे साधा दिवस. त्यांना जरा बरं वाटलं.

धाड!

दोन. वर्तमानपत्र खाली आलं. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"काय?" बाईंनी वहीतून डोकं वर केलं.

"बरणीचं. फळीचंही. उद्याच नवी बरणी आणतो."

"बरं," असं म्हणून बाईंनी एका वहीवर लाल फुली मारली.

धाड!

तीन. जुनी चूक, आज आठवलेली! घड्याळजी उठून उभेच राहिले. आता काही राहिलं नव्हतं. हिला कळलंय, सगळं कळलंय. "ताई येतेय!" ते जवळजवळ ओरडले. "रविवारी. महिनाभर. तिच्याकडे फरशीचं काम आहे. मी तुला न विचारता हो म्हटलं. घर तुझंच आहे असंही म्हटलं. दहा दिवस झाले. सांगणार होतो, पण वेळच कळत नव्हती. आता काय आपटायचं ते आपट, पण एकदा आपटून मोकळी हो!"

बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं. "अहो," त्या म्हणाल्या, "मी इथे बसलेय."

घड्याळजींनी बाईंकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग पुन्हा बाईंकडे बघितलं.

धाड!

"मग आत कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

दोघं आत गेली. आत कोणी नव्हतं. चारही दारं लागलेली होती. बाईंनी त्यातलं एक उघडून सोडलं. ते चार बोटांवर येऊन थांबलं. दोघं वाट बघत उभी राहिली. भात शिजल्याचा वास आला, आणि मग कुठल्याशा कारणाने त्या दाराचा विचार पूर्ण झाला आणि ते धाडकन आपटलं. बाईंनी घड्याळजींची करंगळी धरून उजेडात बघितली.

"खोललंत?"

"फक्त तेल थोडं कमी केलं."

"का?"

आणि मग घड्याळजींनी सगळं सांगितलं. एक आवाज म्हणजे काय, दोन म्हणजे काय, तीन म्हणजे काय, चमच्यांचा ड्रॉवर म्हणजे काय. बाई स्टूल ओढून बसल्या. एवढं मन लावून त्यांनी कोणाची तोंडी परीक्षासुद्धा ऐकली नव्हती.

"म्हणजे त्या घरात तुम्ही रोज आत यायचात ते दारं ऐकून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला वाटायचं मनाने येताय." बाईंचा आवाज जरा उतरला. "शाळेत सगळ्यांना सांगत सुटायचे मी. आमच्या ह्यांना काही सांगावं लागत नाही, आपणहून समजतं, म्हणून."

"मनानेच यायचो की," घड्याळजी घाईघाईने म्हणाले. "आवाज झाल्यावर मनाने."

"अहो पण त्या घरातली दारं फुगलेली होती! नळ गळून गळून खालचं सगळं लाकूड फुगलं होतं. आपटल्याशिवाय एकही लागायचं नाही. चमच्यांचा ड्रॉवर तर गुडघा दिल्याशिवाय आत जायचा नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

घड्याळजी आठवू लागले. त्या घरातली कपाटं उघडल्याचं त्यांना आठवत होतं. साखरेचं उघडलं होतं, बिस्किटांचं तर कितीदा तरी. लावल्याचं मात्र एकदाही आठवेना. बारा वर्षांत एकही दार त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेलं नव्हतं.

"म्हणजे तू रागावलेली नसायचीस?"

"कशी रागावणार? दार लावलं की तुम्ही हजर. काही चुकलं का, ओटा पुसू का. रागवायला सवड कुठे होती?"

घड्याळजी ओट्याला टेकले. ज्या कानावर पोट चालत होतं, तो कान बारा वर्षं फुगलेल्या लाकडाची माफी मागत होता. मग त्यातल्या त्यात एक बरी बाजू त्यांच्या ध्यानात आली, आणि ते उजळले. "म्हणजे ह्या आठवड्यातही तुझा काही राग नव्हता! मी उगाचच..."

"ह्या आठवड्यात होता," बाई म्हणाल्या.

"आं?"

"ताई तुमच्यासारख्या नाहीत. त्यांनी तुम्हाला विचारलं, आणि मागच्या शनिवारी मलाही फोन करून विचारलं. मी हो म्हटलं. या म्हटलं, खुशाल या. मग तुम्ही कधी सांगताय म्हणून वाट बघत बसले. सोमवारी बरणीचं सांगितलंत. मंगळवारी फळीचं सांगितलंत. ताईंचं नाव नाही! बारा वर्षांत पहिल्यांदा मला असा कडकडून राग आला. रोज संध्याकाळी ह्या डाव्या हाताच्या दारांवर काढत होते. इतक्या जोरात आपटली, इतक्या जोरात आपटली, पण एकाने आवाज करावा? काल तर एकाला लाथ घातली मी. तेही अलगद मिटलं!"

बाईंना बोलता बोलता हुंदका आला की हसू आलं, ते घड्याळजींना नीट कळलं नाही. त्यांनी विचारलं, "मग आता? आता आहे का राग?"

"ओळखा," असं म्हणून बाई भात बघायला वळल्या.

रविवारी सकाळी मिस्त्री आले. त्यांनी फळी खाली घेतली, डाव्या हाताची दारं हलवून बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. "ह्या बिजागऱ्यांना काय झालं? असं होत नाही कधी!"

"नमुना सदोष असेल," बाई म्हणाल्या. घड्याळजींनी कृतज्ञतेने त्यांच्याकडे बघितलं.

"असेल बाबा. मग काय ठरलं?"

"सॉफ्ट," घड्याळजी म्हणाले.

"साध्या," बाई त्याच वेळी म्हणाल्या.

मिस्त्रींनी टेप खिशात टाकली आणि ते स्टूलवर बसले. घड्याळजी बाईंना म्हणाले, "अगं, तूच ना म्हणालीस दार नुसतं लागलं पाहिजे? आता शास्त्रबिस्त्र काही राहिलं नाही. शांतता तरी असू दे."

"शांतता मी आठवडाभर बघितली," बाई म्हणाल्या. "मिस्त्री, नऊही दारांना साध्या लावा. आणि दारं जरा घट्ट बसवा. आपटल्याशिवाय लागायला नकोत."

"घट्ट?" मिस्त्रींनी आजवर दारं सैल करून देण्यासाठी बोलणी खाल्ली होती. "नंतर मला फोन करायचा नाही हां वहिनी."

"नाही करणार. लिहून देऊ का?"

मिस्त्रींनी घड्याळजींकडे बघितलं. घड्याळजींनी खांदे उडवले. दुपारपर्यंत नऊ दारं साध्या बिजागऱ्यांवर घट्ट बसली, आणि मिस्त्री बाहेर पडत असतानाच दोन मोठ्या बॅगा घेऊन ताई आत आल्या.

सोमवारी संध्याकाळी घड्याळजी खुर्चीत बसले होते. समोर ताई फरशी बसवणाऱ्यांची तक्रार सांगत होत्या. दुपारी वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी मिठाचा आणि साखरेचा डबा एकमेकांच्या जागी ठेवला होता, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं. आत बाई शाळेतून येऊन मुकाट्याने कामाला लागल्या होत्या.

धाड!

"आई गं!" ताई दचकल्या. "हे काय?"

"काही नाही," घड्याळजी म्हणाले. "दारं घट्ट आहेत."

ते खरंच होतं. काल त्यांच्या डोळ्यांदेखत मिस्त्रींनी ती घट्ट केली होती.

धाड!

आता हा आवाज घट्ट दाराचा होता, की डब्यांचा होता, की आपलाच काही होता? आधी त्यांना सगळं चुकीचं कळत होतं, पण कळत तरी होतं. आता काहीच कळेना. घड्याळजींनी वर्तमानपत्र वर धरलं. मग खाली घेतलं. ताई बोलत होत्या, पण घड्याळजींचं लक्ष नव्हतं.

धाड!

घड्याळजी उठले.

"अरे, मी बोलतेय ना! कुठे निघालास?"

"आलोच."

आत बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी न वळताच विचारलं, "काय हो, दार ऐकून आलात?"

"छे छे," घड्याळजी सुरी उचलत म्हणाले, "मनानेच आलो."

बाईंनी भाजीची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली. गाठ त्यांनी आधीच सोडून ठेवली होती.